खिशातले हात

तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. पाळणाघराचं जेवणाचं टेबल, बुटक्या खुर्चीत बसून भोकाड पसरलेलं पोर, त्याच्या पुढ्यात वाटी, आणि समोर एप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून ढिम्म बसलेली एक बाई. आवाज नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पगार कसला घेतात या?' बघितला असेल तर तुम्हीही दोन शिव्या हासडून पुढे पाठवला असेल. नसेल बघितला तरी काही बिघडलं नाही. तुमच्यावाचून तो भरपूर फिरला.

त्या बाईला मी ओळखते. ती बसली होती त्याच्या शेजारच्याच भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यातून मी ताटल्या बाहेर सरकवते. मी त्या पाळणाघराची स्वयंपाकीण. आमच्या दोघींचं अर्धं आयुष्य त्या एका खिडकीच्या अलीकडे-पलीकडे गेलं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मला त्या व्हिडिओवाल्यांपेक्षा जास्त आहे, असं मी समजते.

मुलं तिला मावशी म्हणायची. आम्ही कामावरची माणसं तिच्यामागे तिला थांबबाई म्हणायचो, आणि ते नाव मीच पाडलं होतं. दिवसभर तिच्या तोंडी तोच एक शब्द. एखादी नवी मदतनीस पोराच्या तोंडात घास कोंबायला गेली की, "थांब." कुणाची आई लवकर न्यायला आली आणि पोराची हनुवटी पुसायला वाकली की, "थांबा हो जरा." मी खिडकीतून ओरडले, "अगं, सगळं सांडलं, फडकं देऊ का?" की मान न वळवता, "थांब." नाव कानावर गेलं तेव्हा तिला रागही आला नाही. म्हणाली, शोभतं.

तिचं काम काय, तर दीड-दोन वर्षांच्या पोरांना काट्याने आणि चमच्याने आपल्या हातांनी जेवायला शिकवायचं. ऐकायला हे काम वाटतच नाही. पोरं काय, जेवतातच की. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं, कारण मी पोरांना नुसतं शिजवून घालत होते, त्यांच्यासमोर बसत नव्हते.

तिची रीत ठरलेली होती. आधी काटा, मग चमचा. बाकीचे उलटं करतात, काट्याची भीती वाटते म्हणून. ती म्हणायची, टोचणं सोपं, पण चमचा न कलंडवता तोंडापर्यंत नेणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून पहिल्यांदा बोथट दातांचा काटा आणि केळ्याचे नाहीतर उकडलेल्या गाजराचे तुकडे. केळं फार पिकलेलं नको, टोचताच फुटतं. गाजर फार शिजलेलं नको, आणि कच्चंही नको. यावरून आमची रोज जुंपायची. खिडकीशी येऊन ती गाजराचा तुकडा दोन बोटांत दाबून बघायची आणि अख्खं भांडं परत पाठवायची, जशी काही मी सोनारकाम करत होते. चमच्याची पाळी आली की घट्ट कुस्करलेला बटाटा, कारण चमचा उलटा झाला तरी तो चिकटून राहतो. त्यानंतर दही, भात, आणि सगळ्यात शेवटी वाटाणे. वाटाणे चमच्यात घेऊन तोंडापर्यंत नेले की पोर तिच्या लेखी पास. सूप तर मोठ्यांनाही नीट पिता येत नाही म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची.

भरलेला चमचा ती पोराच्या तोंडाशी कधीच न्यायची नाही. वाटीशेजारी ठेवायची, दांडा पोराकडे करून. मग स्वतःचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात. हा खिसा तिने घरच्या मशीनवर शिवला होता. पोटावर आडवा, एकच मोठा, दोन्ही बाजूंनी उघडा. कापड तिच्या मुलाच्या जुन्या शाळेच्या शर्टाचं, निळ्या चौकड्याचं, त्यामुळे पांढऱ्या एप्रनवर ते ठिगळच दिसायचं. मी विचारलं होतं, हे काय सोंग आणलंस? म्हणाली, "माझ्या हातांना फार घाई आहे गं. कोंडून ठेवलेले बरे."

हात खिशात, पण तोंड अखंड चालू. "पळाला का बटाटा? कुठे गेला? त्या कोपऱ्यात? धर बरं त्याला." घास गालाला लागला, कानात गेला, तरी ती हसायची नाही. दुसऱ्या कुणाला हसूही द्यायची नाही. तोंड मधेमधे पुसायचं नाही. वाटी संपली की ओलं फडकं पोराच्याच हातात. जेवण आटोपल्यावर ते टेबल आणि त्याखालची फरशी बघून आमची झाडूवाली रोज कपाळाला हात लावायची. पण वर्षभरात तीच पोरं नीट बसून, बडबड करत, आपापली ताटली रिकामी करायची, आणि त्यांच्या आया शेजारणींना सांगायच्या, आमचं बाळ आधीपासूनच हुशार.

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. तिचा नवरा अचानक गेला तेव्हा तिचा मुलगा नुकता पाऊल टाकायला लागला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे ज्यांनी पाळणाघर काढलं त्यांनी, तिला पोरासकट कामावर ठेवून घेतलं. मीही तेव्हा नवीनच होते. ते पोर तिच्या हातून काही खाईना. घास आणला की तोंड फिरवायचं, बळजबरी केली की ओकायचं. पोर वाळत चाललं, ही त्याच्याहून जास्त. एका दुपारी तिने वैतागून चमचा त्याच्यासमोर टाकला, स्वतःचे हात मांडीखाली दाबले आणि बसून राहिली. पोर रडलं, थकलं आणि शेवटी त्याने चमचा उचलला. सरळ दांडा त्याच्या चिमुकल्या मुठीत गर्रकन फिरायचा, सगळं सांडायचं. तिने तो चमचा दाराच्या फटीत अडकवून दांडा वाकवला, असा की मुठीत बरोबर बसावा. त्या वाकड्या चमच्याने ते पोर जेवायला शिकलं. माझ्या डोळ्यांदेखत. दह्याची अख्खी वाटी त्याने माझ्या अंगावर उडवली होती, त्या कपड्यांचा डाग काही गेला नाही.

तो चमचा तिने पुढे दुसऱ्या कुठल्याच पोराला दिला नाही. खिशाच्या तळाशी असायचा. समोर पोराची झटापट चाललेली असताना ती आत बोटांनी त्याच्याशी चाळा करायची, ते मला खिडकीतून कापड हलताना दिसायचं.

मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. त्याला मुलगा झाला. आणि सून आपणहून म्हणाली, "माझी आई इथे आहे तोवर ती सांभाळेल. ती परत गेली की बाळाला तुमच्याकडेच पाठवू. तुम्ही असताना परक्या ठिकाणी कशाला?" झालं. त्या दिवसापासून थांबबाईचे पाय जमिनीला लागेनात. नातू येणार, तिच्या टेबलाशी बसणार, आपल्या बापाच्या चमच्याने जेवणार. आयुष्याकडून तिने फारसं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे मात्र ती रोज घोकायची. "केळी आत्तापासून बघून आणत जा हं," मला बजावायची. मी म्हणायचे, तुझ्या नातवासाठी मी बागच लावते.

त्याच सुमारास मोठ्या बाई थकल्या आणि पाळणाघर त्यांच्या पुतण्याच्या हातात आलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने भिंती रंगवल्या, गळके नळ बदलले, आमच्या सुट्ट्यांची घोळाची पद्धत बंद केली. आणि प्रत्येक खोलीत छताच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला. आईबापांना ऑफिसात बसल्याबसल्या आपली पोरं फोनवर दिसली पाहिजेत, आजकाल सगळीकडे असंच असतं, म्हणाला.

पोरं दिसायला लागली तसे फोन यायला लागले. झोपेच्या वेळी कुणी फोन करायचं नाही, खेळाच्या वेळी नाही. जेवणाची वेळ झाली की पाळणाघराच्या ऑफिसातल्या मुलीचा कान फोनपासून सुटायचा नाही. माझ्या मुलीच्या केसांत काय आहे? बटाटा आहे, दुसरं काय असणार. माझा मुलगा इतका वेळ एकच तुकडा का घेऊन बसलाय? आणि पुन्हापुन्हा तेच, त्या बाई नुसत्या बसून का आहेत? पुतण्या बिचारा सगळ्यांना समजावायचा. थांबबाईला यातलं काही कळायचं नाही, कळलं तरी ती म्हणायची, "त्यांनाही थोडा वेळ लागेल. जमेल."

मग राजे आले. राजे हे नावही मीच ठेवलं. दोन वर्षं पूर्ण झालेला, गोबरा, देखणा पोरगा. घरी त्याला समोर फोन लावून भरवायचे. तो टेबलाशी येऊन बसायचा, हात मांडीवर, तोंड उघडं, नजर समोरच्या भिंतीवर. जणू आता भिंतीवर चित्रं हलतील आणि कुणीतरी घास घालेल. वाटीत काय आहे ते तो बघायचाही नाही. थांबबाईला असली पोरं नवीन नव्हती. हल्ली तर निम्मी तशीच यायची.

त्या दिवशी उकडलेलं गाजर होतं आणि कुस्करलेला बटाटा. राजे तोंड उघडून बसले. घास आला नाही. त्यांनी काटा फेकला. थांबबाईने उचलला, धुतला, पुन्हा वाटीशेजारी ठेवला, दांडा त्यांच्याकडे. हात खिशात. राजांनी भोकाड पसरलं. ती बोलत होती, मी ऐकत होते. "भूक लागली ना रे. हो, माहितीये मला. हे बघ गाजर, इथेच आहे, कुठे जात नाही. मी पण कुठे जात नाही." तो तापून लाल झाला. मी खिडकीतून हात बाहेर काढला होता. तिने मान न वळवता म्हटलं, "थांब." खिशाचं कापड हलत होतं.

आणि मग त्याने काटा उचलला. रागारागानेच उचलला, वाटीत आपटला, आणि गाजर टोचलं गेलं. त्याचं रडणं मधेच तुटलं. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग तो तुकडा नाकाला लागला, वरच्या ओठाला लागला आणि आत गेला. चावता चावता त्याने आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं की झाडूवालीसुद्धा झाडू टाकून टाळ्या वाजवायला लागली. त्या जेवणात त्याने वाटीतलं सगळं गाजर खाल्लं. बटाटा केसांना लावला.

त्याची आई ऑफिसात फोनवर हे बघत होती. तिला फक्त चित्र दिसत होतं. आवाज त्या कॅमेऱ्याला नव्हताच. तिने फोनच्या पडद्याचं चित्रण केलं, पण ते राजे रडत होते तेवढंच. मग तिला बघवेना, तिने फोन पालथा घातला आणि हुंदके देत शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं. गाजर तिने बघितलंच नाही. रागात रडण्याचा तेवढाच व्हिडिओ तिने पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिचं मला समजतं, पोर रडताना माझाही हात बाहेर आला होता. पण पुढच्या लोकांचं कुठलं पोर रडत होतं? संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ भाजीवालीच्या फोनवर पोचला होता.

थांबबाईच्या मुलालाही तो ऑफिसात शेजारच्याने दाखवला. "बघ रे, कसली बाई आहे." डोक्याला बांधलेल्या रुमालामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. खिसा मात्र स्वच्छ दिसत होता, निळ्या चौकड्याचा.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून मला सांगत होती. "रात्री फोन आला त्याचा. म्हणाला, आई, ती तूच ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाला, मी ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही."

"रागावला होता?"

"नाही गं. मला धीर देत होता."

"आणि बाळाचं?"

"बघू नंतर, म्हणाला." तिने गाजराचा तुकडा उचलला, दाबून न बघता परत ठेवला. "निवळेल. चार दिवसांत लोक विसरतात."

पुतण्याने तिला बोलावलं. दार उघडंच होतं आणि मी चहा घेऊन गेले होते, म्हणून मलाही ऐकता आलं. "मावशी, मी अख्खं चित्रण बघितलंय," तो म्हणाला. "शेवटी पोर आपल्या हाताने जेवलं, मला माहीत आहे. पण लोक शेवटपर्यंत बघत नाहीत हो. मी कुणाकुणाला दाखवू? तेवढा खिसा काढून टाका आणि थोडे दिवस हाताने भरवा. वातावरण शांत होऊ दे." मला वाटलं ही आता उठेल, एप्रन त्याच्या टेबलावर फेकेल. ही म्हणाली, "बरं."

मी तिला फैलावर घेतलं. इतकी वर्षं माझी गाजरं परत पाठवताना कुठून येत होता ताठा? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावभर तोंड काळं झालेल्या बाईकडे कोण पोर पाठवेल? भरवलेलं दिसलं की बोलणं थांबेल. मग नातू येईल. एकदा तो आला की बघू." आणि तिने माझ्याकडून बारकी सुरी मागून घेतली, खिडकीच्या फळीवर एप्रन पसरला आणि सुरीच्या टोकाने खिशाची शिवण उसवायला घेतली. एकेक टाका. कापड बाजूला झालं, खाली एप्रनचा तेवढाच चौकोन नवा कोरा पांढरा निघाला.

त्यानंतर तिने भरवलं. कॅमेऱ्याकडे तोंड करून, हसून, चिऊ-काऊ करत घासामागून घास. टेबल स्वच्छ, फरशी स्वच्छ, पोरं स्वच्छ, जेवण झटपट. राजांना गाजर टोचायचा नाद लागला होता. ते काट्यासाठी हात पुढे करायचे. ती तो हात हळूच धरून खाली ठेवायची, काटा दूर सरकवायची आणि तोंडाशी चमचा न्यायची. पहिल्या दिवशी राजांनी तिच्याकडे जसं बघितलं ते मला बघवलं नाही, मी उगाच नळ सोडून भांडी घासत बसले. थोड्या दिवसांनी त्यांनी हात पुढे करणं सोडून दिलं. ताटली आली की हात मांडीवर, तोंड उघडं, नजर भिंतीवर.

पालकांच्या ग्रुपवर फुलं यायला लागली, जोडलेले हात यायला लागले. राजांची आई स्वतः भेटायला आली. थांबबाईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "सॉरी हं मावशी. पण बघा, आता किती छान जेवतो!" थांबबाई म्हणाली, "हो ना." मी खिडकीचं दार आपटून बंद केलं. कुणाला लागलं असेल तर लागो.

बोलणं थांबलं, वातावरण शांत झालं, सगळं तिने ठरवलं होतं तसंच झालं. सुनेची आई परत गेली. आणि मुलाचा फोन आला की बाळासाठी घराजवळच एक पाळणाघर मिळालंय, तेच सोयीचं पडतं, आणि तिथे म्हणे सगळं फार नीटनेटकं असतं.

तिने त्याच आठवड्यात काम सोडलं. एप्रन धुऊन, इस्त्री करून परत दिला. इस्त्री केल्यावर तर टाक्यांची भोकं जास्तच उठून दिसत होती. पुतण्याने थांबायचा आग्रह केला, खरंच केला. ती म्हणाली, "भरवायला कुणीही मिळेल हो."

मला काही चैन पडेना. मी पुतण्याकडे गेले आणि ते अख्खं चित्रण मागितलं. त्याने मुकाट्याने माझ्या फोनवर पाठवलं, वर म्हणाला, "ग्रुपवर टाकू नका." मला ग्रुपशी काय करायचं होतं? मला एकाच माणसाला दाखवायचं होतं. थांबबाईला सांगितलं तशी ती आधी नकोच म्हणाली. मग उठून आतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. तो वाकडा चमचा.

"जातेच आहेस तर एवढं नातवाला दे. मी गेले तर त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाली, "त्याला शेवटपर्यंत बघायला लाव हं. त्याने बघितलं की त्याला आठवेल."

रविवारी दुपारी दोन बस बदलून गेले. मुलाने दार उघडलं, "अरे, काकू! या या," म्हणत आत नेलं. वळण चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. ती दोघं जेवायला बसत होती, मलाही आग्रहाने बसवलं. टेबलाच्या कडेला उंच खुर्चीत नातू. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला फोन, त्यात नाचणारी अस्वलं. सून त्याला भरवत होती. आठवडाभर ऑफिस करून दमलेली पोरगी, डोळ्यांखाली काळं आलेलं. नातवाचा हात मधूनच चमच्याकडे यायचा आणि ती अगदी सवयीने, बोलता बोलता, तो हात खाली दाबायची.

मी फोन मुलाच्या हातात दिला. "हे अख्खं आहे. शेवटपर्यंत बघ."

त्याने बघायला सुरुवात केली. राजांनी काटा फेकला, थांबबाईने उचलला. तो हळूच "हं" म्हणाला. राजे रडायला लागले तसा त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि अंगठ्याने चित्र पुढे सरकवलं. आणखी पुढे. एकदम शेवटाला. "खाल्लं की शेवटी," म्हणाला, आणि फोन परत दिला. "चांगलं आहे. पण काकू, खरं सांगू? इतका वेळ रडू द्यायचं म्हणजे... आईचं वय झालं आता. आजकाल नाही चालत असं."

"तुला तुझ्या आईने कसं शिकवलं, आठवतं का तुला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मला?" तो हसला. त्याच्या हातात काटा होता, बटाट्याचा तुकडा त्याने बघा ना किती सफाईने उचलला होता. "मला कुठे कुणी शिकवलं? आईला वेळच नसायचा हो. मी आपला आपोआप शिकलो." आणि बायकोकडे वळून थोड्या अभिमानाने म्हणाला, "लहानपणापासून माझं मीच."

आता काय याला दह्याचा डाग दाखवू? मी रुमाल सोडून चमचा टेबलावर ठेवला. "आईने पाठवलाय. बाळासाठी."

त्याने तो उचलला, उलटसुलट करून बघितला. त्याला काही ओळख पटली नाही. "वाकलाय हा," म्हणाला. आणि मला नीटसं कळायच्या आत, आमच्या रस्त्यावरच्या बसची चौकशी करत करत, त्याने दोन्ही अंगठे लावून दांडा दाबला. जुना पातळ पत्रा, लगेच वळला. दोनदा दाबून त्याने तो टेबलावर ठेवून तपासला. "हां. झाला सरळ."

नातवाने अस्वलांवरची नजर काढून झडप घातली आणि चमचा पकडला. वाटीत खुपसला, भरला, वर उचलला. सरळ दांडा त्याच्या मुठीत गर्रकन फिरला आणि बटाटा मांडीवर पडला. "नको रे सोन्या, सांडवतोस," सून म्हणाली आणि तिने चमचा त्याच्या हातून काढून घेतला. पोर रडलं नाही. पुन्हा अस्वलं बघायला लागलं.

परतताना दोन्ही बसमध्ये मी स्वतःशी भांडत होते. थांबबाई तिच्या घराच्या दारातच बसली होती.

"बघितलं त्याने?"

"बघितलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवट बघितला." खोटं नव्हतं ते.

"काही आठवलं त्याला?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती मला. "म्हणाला, मी आपोआप शिकलो. आईला वेळ नसायचा."

तिने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "तसंच वाटायला हवं पोराला. आपलं आपल्यालाच आलं, असं. तेवढ्यासाठीच तर हात..." वाक्य तिथेच सोडून तिने विचारलं, "चमचा दिलास?"

"दिला."

"घेतला त्याने?"

"लगेच."

सरळ केल्याचं मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

तिचे डोळे भरून वाहायला लागले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, नवरा जाऊन नुकती कामाला लागली होती तेव्हाही नाही. माझे हात आधीपासूनचेच आगाऊ. मी रुमाल घेऊन तिचे गाल पुसायला वाकले.

"थांब," ती म्हणाली. "माझं मी पुसते."

आणि तिचे दोन्ही हात सवयीने पोटाशी गेले, खिसा असायचा तिथे. तिथे काही नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.